मागणीनुसार घडवलेली गिटार : लांबलेली मुदत आणि अडकलेली आगाऊ रक्कम, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही प्रश्नोत्तरे दोन प्रकारच्या वाचकांसाठी आहेत. काहींना मागणी अजून नोंदवायची आहे आणि काहींचे पैसे आधीच अडकून पडले आहेत. दुसऱ्या वाचकाला घाई असते हे मी जाणतो, कारण कबूल तारखेनंतर दीड वर्ष एका गिटारची वाट मीही पाहिली आहे. तरीही सुरुवातीचे प्रश्न त्याने वगळू नयेत अशी माझी विनंती आहे. उशीर नेमका कशामुळे झाला हे ज्याला कळते, त्यालाच पैसे कोणत्या आधारावर परत मागायचे हे ठरवता येते.

ठरलेली मुदत उलटून गेली आहे. याला फसवणूक म्हणावे की नेहमीचा उशीर?

केवळ उशीर झाला म्हणून फसवणूक सिद्ध होत नाही. एकटा किंवा दोघा-तिघा मदतनिसांसह काम करणारा कारागीर, ज्याला या क्षेत्रात लुथियर म्हणतात, मुदत पाळू न शकण्याची कारणे पुष्कळ असतात आणि त्यांतली बरीच प्रामाणिक असतात. प्रामाणिक उशीर ओळखण्याची खूण अशी की त्यात काम दिसते. बॉडीच्या (गिटारच्या धडाच्या) कडा वाकवून झाल्या आहेत, नेक (लांब मान) कोरायची आहे, फ्रेट (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) बसवायचे आहेत, असे नेमके उत्तर असा कारागीर देऊ शकतो आणि मागितल्यास त्या दिवशीचे छायाचित्रही पाठवतो.

चिंता वाटावी ती वेगळ्या गोष्टींमुळे. प्रत्येक वेळी कारण बदलत असेल, छायाचित्र मागितल्यावर विषय टाळला जात असेल, किंवा जुन्या मागण्या पडून असताना 'पूर्ण रक्कम आधी भरा आणि सवलत मिळवा' अशी योजना नव्या ग्राहकांपुढे ठेवली जात असेल, तर सावध व्हावे. या शेवटच्या खुणेकडे लोक फारसे लक्ष देत नाहीत. आपली आगाऊ रक्कम भाडे, वीज आणि मागच्या मागण्यांचे लाकूड यांवर खर्च झाली की आपली गिटार सुरू करायला पुढच्या ग्राहकाची रक्कम लागते. अशा कारागिराच्या मनात लुबाडण्याचा हेतू नसेलही. पण नव्याच्या पैशांतून जुन्याचे काम करण्याचे हे चक्र एकदा सुरू झाले की नव्या मागण्या थांबताक्षणी सगळेच अडकतात. हेतू चांगला होता म्हणून आपले पैसे सुरक्षित ठरत नाहीत.

गिटार बनवायला इतका वेळ का लागतो? लाकडाचे कारण खरे असते का?

बहुतेक वेळा खरे असते, परंतु काही मर्यादेपर्यंतच. लाकूड हवेतील ओलावा शोषते आणि सोडते. तसे करताना ते रेषांच्या आडव्या दिशेने फुगते व आकसते, लांबीच्या दिशेने मात्र जवळजवळ बदलत नाही. अकूस्टिक गिटारच्या पुढच्या फळीची, म्हणजे टॉपची जाडी जेमतेम तीन मिलिमीटर असते, आणि तिच्या आतल्या बाजूला आडव्या-तिरक्या पट्ट्या चिकटवलेल्या असतात. दमट हवेत ही जोडणी केली आणि नंतर गिटार कोरड्या हवेत गेली, तर फळी आकसू पाहते, पट्ट्या तिला आकसू देत नाहीत आणि शेवटी तिला चीर पडते. म्हणूनच लाकडातील ओलावा सुमारे ६ ते ८ टक्क्यांवर येईपर्यंत ते मुरू दिले जाते आणि कार्यशाळेतील सापेक्ष आर्द्रता ४५ ते ५० टक्क्यांच्या आसपास राखूनच बॉक्स, म्हणजे बॉडीची पोकळ पेटी, बंद केला जातो. ज्याच्याकडे आर्द्रता नियंत्रित करण्याची सोय नाही, त्या कारागिराला दमट हंगामात हे काम थांबवावेच लागते.

दुसरा मोठा कालखंड फिनिशचा, म्हणजे लाकडावर चढवायच्या संरक्षक लेपाचा असतो. नायट्रोसेल्युलोज लॅकरचे अनेक पातळ थर एकावर एक चढवतात. शेवटच्या थरानंतर तीन-चार आठवडे गिटार टांगून ठेवतात आणि मगच घासून चमक आणतात, कारण लॅकर वरून सुकलेले दिसले तरी आतून मऊ असते. घाईने घासल्यास ते पुढे लाकडाच्या छिद्रांत बसत जाते आणि सपाट दिसणारा पृष्ठभाग काही महिन्यांनी खडबडीत होतो. लाखेची फ्रेंच पॉलिश हाताने, बैठकीमागून बैठक करत चढवावी लागते. याउलट अतिनील प्रकाशात कडक होणारे पॉलिएस्टर फार थोड्या वेळात तयार होते. त्यामुळे फिनिश कोणती ठरली आहे हे पाहिल्याशिवाय 'फिनिशमुळे उशीर होतो आहे' हे उत्तर मान्य करू नये.

आता मर्यादेविषयी. हंगाम, लाकडाचा ओलावा, लॅकरचे आठवडे या सगळ्या गोष्टी अनुभवी कारागिराला मागणी घेतानाच ठाऊक असतात, आणि त्याने सांगितलेल्या मुदतीत त्या धरलेल्या असायला हव्यात. एखादी बॉडी बिघडली आणि नव्याने करावी लागली, तर तो अपवाद समजून घ्यावा. तेच कारण तिसऱ्यांदा पुढे आले, तर खरे कारण दुसरीकडे आहे असे मानण्यास जागा आहे. माझ्या पाहण्यात ते बहुधा कामाच्या रांगेत असते. कुवतीपेक्षा जास्त मागण्या घेतलेल्या असतात, आणि दुरुस्तीची कामे लगेच पैसे देऊन जातात म्हणून ती रोज पुढे सरकतात. हाताने घडवलेल्या अकूस्टिक गिटारला शंभरापेक्षा अधिक तास सहज लागतात. हे तास दिवसाच्या उरलेल्या वेळात भरून निघत नाहीत.

'दहा ते बारा महिने' असे सांगितले होते. हे महिने कधीपासून मोजायचे?

निम्मे वाद या एका प्रश्नाच्या पोटात असतात. ग्राहक मुदत मोजतो ती पैसे दिल्याच्या दिवसापासून. कारागिराच्या मनात मात्र ती काम सुरू झाल्यापासून असते, आणि प्रतीक्षायादीमुळे काम सुरूच आठ महिन्यांनी होणार असते. दोघेही आपापल्या जागी खरे असतात. म्हणून मागणी नोंदवताना दोन वेगळ्या तारखा लिहून घ्याव्यात. काम कधी सुरू होईल ही पहिली आणि गिटार कधी हाती पडेल ही दुसरी. 'अंदाजे' हा शब्द टाळता येत नसेल तर त्याला एक बाहेरची सीमा जोडावी, उदाहरणार्थ, 'अंदाजे बारा महिने, परंतु कोणत्याही परिस्थितीत अठरा महिन्यांपेक्षा अधिक नाही. त्यानंतर ग्राहकाला पूर्ण परताव्याचा अधिकार राहील.' असे वाक्य मान्य करण्यास जो कारागीर मुळीच तयार होत नाही, त्याच्याकडे आगाऊ रक्कम ठेवण्यापूर्वी पुन्हा विचार करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

मुदत लिहूनच घेतली नसेल तर काय, असाही प्रश्न येतो. अशा वेळी बहुतेक कायदेव्यवस्था 'वाजवी काळ' गृहीत धरतात. वाजवी काळ ठरवताना त्या कारागिराने आधी काय सांगितले होते, आपल्या जाहिरातीत कोणती मुदत दिली होती आणि तशा कामाला सर्वसाधारणपणे किती वेळ लागतो, हे पाहिले जाते. त्यामुळे मागणीच्या काळात त्याच्या संकेतस्थळावर असलेल्या मजकुराची प्रत जपून ठेवावी, कारण तो मजकूर पुढे बदलू शकतो.

आगाऊ रक्कम, इसार आणि अनामत यांत फरक काय?

'डिपॉझिट' या एकाच शब्दाखाली आपण तीन वेगळ्या गोष्टी घालतो, आणि वाद झाला की प्रत्येक जण आपल्याला सोयीची गोष्ट उचलतो. आपल्या भाषेत या तिन्हींसाठी स्वतंत्र शब्द आहेत आणि ते वापरल्याने बराच गोंधळ टळतो. इसार हा शब्दाला जागण्याची खूण म्हणून दिलेला पैसा असतो. देणाऱ्याने माघार घेतली तर तो बुडतो, हे त्यात गृहीत असते. आगाऊ रक्कम म्हणजे किमतीचाच एक भाग, जो वस्तू मिळण्यापूर्वी दिला आहे. व्यवहार झालाच नाही, तर ती कशासाठी ठेवून घेतली याचा हिशेब घेणाऱ्याने द्यायला हवा. अनामत मात्र केवळ सांभाळायला दिलेली असते आणि ती परत करायचीच असते.

गिटारच्या मागणीत यांपैकी पहिल्या दोन गोष्टी बहुधा मिसळलेल्या असतात. म्हणून पावतीवर स्पष्ट लिहावे की दिलेल्या रकमेपैकी एवढा भाग रांगेतील जागा राखण्यासाठी आहे व ग्राहकाने माघार घेतल्यास तो परत मिळणार नाही, आणि उरलेला भाग लाकूड व सुटे भाग यांसाठीची आगाऊ रक्कम आहे. पावतीवर नुसते 'डिपॉझिट मिळाले' असे असेल, तर ती रक्कम इसार होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी बऱ्याच ठिकाणी ती ठेवून घेऊ पाहणाऱ्यावर येते.

आगाऊ रक्कम किती द्यावी?

मागणीच्या वेळी किमतीच्या ३० ते ५० टक्के मागणे सर्रास आढळते. आकड्यापेक्षा मला ती रक्कम कामाच्या टप्प्यांना बांधलेली असणे महत्त्वाचे वाटते. रांगेत जागा घेताना थोडी रक्कम, लाकूड निवडून त्यावर आपले नाव पडल्यावर दुसरा हप्ता, बॉडी बंद होऊन नेक जोडल्यावर तिसरा आणि गिटार तपासून घेतल्यावर शेवटचा, अशी मांडणी दोघांच्याही हिताची असते. कारागिराला खर्चापुरते पैसे वेळेवर मिळतात आणि आपला धोका झालेल्या कामाइतकाच राहतो. संपूर्ण किंमत आधी कधीही देऊ नये, कितीही सवलत मिळत असली तरी.

पावतीवर 'आगाऊ रक्कम कोणत्याही कारणास्तव परत मिळणार नाही' असे छापले आहे. मग सगळे संपले का?

नाही. या वाक्याने हातपाय गाळलेले कितीतरी ग्राहक मी पाहिले आहेत, म्हणून याचे उत्तर सविस्तर देतो.

येथे दोन वेगळे हक्क एकमेकांत मिसळले जातात. पहिला हक्क मन बदलले म्हणून माघार घेण्याचा. दूरवरून केलेल्या सर्वसाधारण खरेदीत अनेक देशांत असा हक्क मिळतो, पण ग्राहकाच्या मापाप्रमाणे घडवलेल्या वस्तूंना तो लागू होत नाही. युरोपीय संघाच्या २०११ च्या ग्राहकहक्क निर्देशात १४ दिवसांच्या माघारीच्या हक्कातून अशा वस्तू स्पष्टपणे वगळलेल्या आहेत, आणि ते रास्तही आहे. दुसरा हक्क पूर्णपणे वेगळा आहे. समोरच्याने करार मोडला, वस्तू दिलीच नाही किंवा ठरलेल्या वेळेनंतर वाजवी वाढीव मुदतीतही दिली नाही, तर करार संपवून पैसे परत घेण्याचा तो हक्क असतो. वस्तू मापाप्रमाणे घडवायची होती म्हणून हा दुसरा हक्क नाहीसा होत नाही. त्याच २०११ च्या निर्देशात अशी वाढीव मुदत देऊन नंतर करार संपवण्याची आणि रक्कम परत मिळवण्याची तरतूद आहे, आणि हेच तत्त्व इतर अनेक कायदेव्यवस्थांत वेगवेगळ्या शब्दांत आढळते.

तेव्हा पावतीवरील त्या वाक्याचा अर्थ 'ग्राहकाने माघार घेतल्यास' एवढाच घ्यावा. कारागिराने गिटार दिलीच नाही तरीही पैसे त्याचेच, असा अर्थ त्यातून काढला जात असेल तर तो न्यायासमोर टिकणे कठीण असते. कारागीर हा मुद्दा बहुधा मुद्दाम झाकत नाही. त्यालाही तो माहीत नसतो, म्हणून पहिल्या पत्रात तो शांतपणे समजावून सांगावा.

मला स्वतःलाच मागणी रद्द करायची आहे. मग किती रक्कम परत मागता येईल?

हे दोन गोष्टींवर अवलंबून आहे. काम किती पुढे गेले आहे, आणि अर्धवट गिटार दुसऱ्या कोणाला विकता येण्यासारखी आहे का? ६४८ मिलिमीटर स्केल लेंथची (म्हणजे तारेच्या वाजणाऱ्या लांबीची), नेहमीच्या आकाराची, उजव्या हाताने वाजवायची गिटार असेल, तर कारागीर ती पूर्ण करून विकू शकतो. त्याचे खरे नुकसान थोडे असते आणि संपूर्ण रक्कम ठेवून घेणे अवाजवी ठरते. तिरक्या फ्रेटची, आठ तारांची, डाव्या हातासाठीची आणि फ्रेटबोर्डवर आपले नाव शिंपल्याने जडवलेली गिटार असेल, तर तिला दुसरा गिऱ्हाईक मिळणे अवघड आहे, हे आपणही मान्य करायला हवे.

काम सुरूच झाले नसेल, तर रांगेतील जागा दुसऱ्याला देता येईल का हे विचारावे. बऱ्याच कारागिरांची यादी इतकी लांब असते की जागा रिकामी झाल्याने त्यांचे काहीच अडत नाही. अशा वेळी नम्रपणे केलेली विनंती कायद्याच्या भाषेपेक्षा जास्त परतावा मिळवून देते.

काम चालू असताना मी काही बदल सुचवले होते. आता उशिराचे खापर माझ्यावर फोडले जात आहे.

त्यात तथ्य असू शकते. पिकअप (तारांची कंपने विद्युत संकेतात बदलणारा भाग) बदलणे किंवा ट्यूनरचा (तारा पिळायच्या खुंट्यांचा) रंग बदलणे किरकोळ असते. परंतु नेकची जाडी, ब्रिजचा (बॉडीवर तारा जिथे बसतात त्या भागाचा) प्रकार किंवा फिनिश बदलल्यास झालेले काम उलटवावे लागते, आणि नवे सुटे भाग येईपर्यंत पुढचे कामही थांबते. योग्य पद्धत अशी की प्रत्येक बदलासोबत त्याचा खर्च आणि नवी तारीख लेखी ठरवावी. बदल मान्य करताना कारागिराने तारखेविषयी काहीच म्हटले नसेल, तर जुनी तारीखच कायम आहे असे आपण धरू शकता. आपले बदल वारंवार होत राहिले असतील, तर मात्र थोडी मुदत आपणहून वाढवून द्यावी. पुढे प्रकरण तिसऱ्यासमोर गेले तर हा समजूतदारपणा आपल्या बाजूने बोलतो.

कारागीर संदेशांना उत्तरच देत नाही. आता काय करावे?

मौन हे उशिरापेक्षा गंभीर आहे. सुरुवातीला एक साधा, सौम्य संदेश पाठवून काम कोणत्या टप्प्यावर आहे ते विचारावे आणि छायाचित्र मागावे. छायाचित्रात अर्धवट गिटारशेजारी आपले नाव व तारीख लिहिलेला कागद ठेवण्याची विनंती करण्यात काही गैर नाही. एकच बॉडी चार ग्राहकांना दाखवली जाण्याची शक्यता त्याने टळते. दूरध्वनीवर बोलणे झाले, तर त्याच दिवशी 'आज आपण मला असे सांगितलेत' असा ईमेल पाठवून ते बोलणे लेखी करून घ्यावे.

दोन आठवडे उत्तर आले नाही, तर औपचारिक नोटीस द्यावी. मुदत हा सुरुवातीला कराराचा गाभा नसला, तरी वाजवी वाढीव मुदत देणारी नोटीस पाठवून तो तसा करता येतो. या नोटिशीशिवाय एकदम 'करार रद्द' असे लिहिले, तर करार आपणच मोडला असा उलटा दावा होऊ शकतो. नोटीस पुढीलप्रमाणे लिहिता येईल :

'दिनांक … रोजी मी आपणाकडे सोबत जोडलेल्या वर्णनाच्या गिटारची मागणी नोंदवली आणि … इतकी रक्कम आगाऊ दिली. लेखी ठरल्यानुसार ती गिटार … या तारखेपर्यंत मिळणे अपेक्षित होते. ती मुदत उलटून … महिने झाले असून माझ्या … आणि … या तारखांच्या पत्रांना उत्तर मिळालेले नाही. हे पत्र मिळाल्यापासून … दिवसांच्या आत पूर्ण झालेली गिटार मला सुपूर्द करावी. तसे न झाल्यास त्या दिवशी करार संपुष्टात आला असे समजण्यात येईल, आणि त्यानंतर १४ दिवसांच्या आत दिलेली संपूर्ण रक्कम मला परत करावी.'

वाढीव मुदत कामाच्या टप्प्याकडे पाहून ठरवावी. फक्त तारा चढवायच्या राहिल्या असतील तर तीन आठवडे पुरेसे असतात. नेकच झाली नसेल तर दोन महिने देणे वाजवी ठरते. पत्रात रागाचा एकही शब्द नसावा, कारण हे पत्र पुढे जो कोणी वाचेल तो ते आपल्या बाजूचा पुरावा म्हणून वाचणार असतो. ईमेलबरोबरच पोच मिळेल अशा टपालानेही ते पाठवावे.

पैसे कार्डाने दिले होते. बँकेकडून परत मिळवता येतील का?

बऱ्याचदा येतात, पण येथे वेळेचा एक सापळा आहे. वस्तू मिळाली नाही या कारणासाठी कार्डाच्या व्यवहाराला हरकत घेण्याची मुदत व्हिसा व मास्टरकार्ड यांच्या नियमांत साधारणपणे १२० दिवसांची असते. ती वस्तू मिळण्याच्या अपेक्षित तारखेपासून मोजता येते, मात्र मूळ व्यवहारापासून ५४० दिवसांची बाहेरची सीमाही असते. ५४० दिवस म्हणजे अठरा महिन्यांना थोडे कमी. ज्या गिटारची मुदतच दीड वर्षाची आहे, तिच्या पहिल्या हप्त्याचे हे संरक्षण गिटार येण्याच्या दिवसापर्यंत संपलेले असते. पेपालवर तर हरकत नोंदवण्यासाठी पैसे दिल्यापासून १८० दिवसच मिळतात, आणि मित्र-नातेवाइकांना पैसे पाठवण्याच्या पर्यायाने रक्कम दिली असेल तर खरेदीदाराचे संरक्षण मुळीच लागू होत नाही. कारागिराने शुल्क वाचवण्यासाठी तो पर्याय सुचवला, तर नम्रपणे नकार द्यावा.

कारागिराने 'आणखी एक महिना थांबा' म्हटले की आपण थांबतो, आणि असे चार-पाच महिने गेले की हा मार्ग बंद होतो. प्रत्येक वाढीव तारीख लेखी घ्यावी, म्हणजे अपेक्षित तारीख पुढे सरकल्याचा पुरावा बँकेला दाखवता येतो. तसेच बाहेरची सीमा जवळ येत असेल, तर कारागिराविषयी कितीही आपुलकी असली तरी हरकत नोंदवावी, आणि तसे करत असल्याचे त्याला आधी कळवावे. टप्प्याटप्प्याने हप्ते देण्याचा एक फायदा इथेही दिसतो. नंतरच्या हप्त्यांची मुदत त्या त्या व्यवहारापासून सुरू होते.

मागणी दुकानामार्फत नोंदवली आहे आणि दुकानदार कारखान्याकडे बोट दाखवतो. जबाबदार कोण?

ज्याने पैसे घेतले आणि पावती दिली, तो. आपला करार दुकानाशी आहे आणि कारखान्याशी करार दुकानाचा आहे. कारखान्याने उशीर केला, ही दुकानदाराची खरी अडचण असू शकते, परंतु ती आपल्याला पैसे परत न करण्याचे कारण होत नाही.

गिटार पूर्ण झाली आहे, पण परवान्याअभावी पाठवता येत नाही असे सांगितले जाते. हे खरे असू शकते का?

हो, लाकूड कोणते आहे यावर ते अवलंबून आहे. ब्राझिलियन रोझवूड १९९२ पासून साइट्स या धोक्यातील वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे, आणि त्यापासून बनवलेली गिटार एका देशातून दुसऱ्या देशात नेण्यासाठी परवाना लागतो. जानेवारी २०१७ मध्ये शिसवीच्या संपूर्ण डालबर्जिया वंशाला दुसऱ्या परिशिष्टात घातले गेले, तेव्हा इतर रोझवूडच्या गिटारही मोठ्या प्रमाणावर अडकल्या होत्या. परंतु २६ नोव्हेंबर २०१९ पासून दुसऱ्या परिशिष्टातील या लाकडांच्या पूर्ण झालेल्या वाद्यांना त्यातून सूट मिळाली आहे. त्यामुळे साध्या इंडियन रोझवूडच्या तयार गिटारसाठी आज साइट्सचे कारण सांगितले जात असेल, तर नेमका कोणता परवाना कोणाकडे मागितला आहे आणि अर्जाची प्रत कुठे आहे, हे विचारावे. कच्चे लाकूड आयात करण्याची गोष्ट वेगळी आहे. त्याला ही सूट नाही.

मी स्वतःचे जुने लाकूड कारागिराला दिले होते. वाद झाला तर ते परत मिळेल का?

ते लाकूड आपलेच राहते, परंतु दिल्याचा पुरावा हवा. देताना फळीची मापे, वजन आणि रेषा स्पष्ट दिसणारी छायाचित्रे काढून त्यावर कारागिराची पोच घ्यावी. लाकूड कापले गेले असेल, तर ते तुकडेही आपलेच आहेत.

कार्यशाळा बंद पडली. आता रक्कम मिळण्याची आशा आहे का?

आशा थोडीच असते. व्यवसाय दिवाळखोरीत गेला की तारण असलेले कर्जदाते आणि कायद्याने अग्रक्रम दिलेली देणी आधी भागवली जातात. आगाऊ रक्कम दिलेला ग्राहक विनातारण धनकोंमध्ये मोडतो आणि त्याच्यापर्यंत फारसे काही पोहोचत नाही. तरीही आपला दावा मुदतीत नोंदवावा, आणि कार्डाने दिलेल्या हप्त्यांसाठी बँकेकडे तत्काळ जावे.

एक गोष्ट मात्र अनेकांना सुचत नाही. अर्धवट गिटार विशिष्टपणे आपली आहे हे दाखवता आले, तर ती मागता येण्याची शक्यता असते. 'तिसरा हप्ता मिळाल्यावर बॉडी आणि नेक ग्राहकाच्या मालकीची होईल' असे वाक्य करारात असेल, गिटारवर अनुक्रमांक पडलेला असेल आणि छायाचित्रांत तो दिसत असेल, तर आपले म्हणणे बळकट होते. अर्धवट गिटार दुसऱ्या कारागिराकडून पूर्ण करून घेता येते. कारागिराचे निधन झाले असेल, तर वारसांशी बोलताना घाई करू नये. कार्यशाळेतले कोणते लाकूड कोणाचे हे त्यांना बहुधा ठाऊक नसते, आणि आपली कागदपत्रे पाहून त्यांना मदतच होते.

झालेला प्रकार इतरांना सावध करण्यासाठी जाहीर लिहावा का?

लिहिण्याचा आपल्याला हक्क आहे. मात्र तारखा, दिलेली रक्कम आणि मिळालेली उत्तरे एवढेच लिहावे. 'चोर', 'लबाड' असे शब्द वापरले की सिद्ध करण्याचे ओझे आपल्यावर येते. वाटाघाटी चालू असताना लिहू नये. बदनामीची धमकी देऊन पैसे मागणे तर पूर्णपणे टाळावे. त्याने आपली खरी बाजूही कमजोर होते.

अखेर गिटार तयार झाली आहे आणि शेवटचा हप्ता मागितला जात आहे. तो लगेच द्यावा का?

इतकी वाट पाहिल्यावर गिटार हातात घेण्याची ओढ किती असते हे मला माहीत आहे, आणि नेमक्या याच ओढीत तपासणी राहून जाते. मागणीचा कागद समोर ठेवून स्केल लेंथ, नटची (नेकच्या वरच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीची) रुंदी आणि पहिल्या व बाराव्या फ्रेटपाशी नेकची जाडी मिलिमीटरमध्ये मोजावी. 'नेक थोडी पातळ हवी' असे लिहिलेल्या मागणीवर वाद घालता येत नाही. आकडा लिहिलेला असेल तर वादाची गरजच उरत नाही. प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर वाजवून पाहावी, बाराव्या फ्रेटवरचा स्वर जुळतो का ते स्वर मोजणाऱ्या ट्यूनर यंत्रावर तपासावे, आणि टॉपकडे तिरक्या प्रकाशात पाहावे.

हलक्या जाडीच्या स्टीलच्या तारा अकूस्टिक गिटारवर एकूण ७० किलोंपेक्षा अधिक ताण टाकतात. हा ताण बसल्यावर नेक हलकीशी वाकते, टॉप किंचित फुगतो आणि सदोष जोड उघडे पडतात, पण यासाठी काही दिवस, कधी काही आठवडे जावे लागतात. म्हणून शेवटच्या हप्त्याचा थोडासा भाग तीस दिवसांनी देण्याचे मागणीच्या वेळीच ठरवलेले असेल तर उत्तम. तसे ठरलेले नसेल, तर पूर्ण रक्कम द्यावी, मात्र पावतीवर लिहून घ्यावे की तीस दिवसांत दिसून येणारे जोडांचे व नेकचे दोष कारागीर स्वखर्चाने दुरुस्त करील आणि नेण्या-आणण्याचा खर्चही त्याचाच राहील.

दोष आढळल्यास प्रथम कारागिरालाच दुरुस्तीची संधी द्यावी. दुसऱ्याकडून परस्पर दुरुस्त करून घेतल्यास मूळ दोष कोणाचा होता हे सांगता येत नाही. आणि उशिराच्या बदल्यात एखादी चांगली केस किंवा पुढच्या फ्रेट-दुरुस्तीची सवलत कारागिराने आपणहून देऊ केली, तर तीही त्याच पावतीवर लिहून घ्यावी.